विक कार्ड घ्यायचं ठरवलंय? दुकानाची तयारी मालाच्या यादीपासून सुरू होते

अमेरिकेत किराणा दुकान, गॅस स्टेशनला लागून असलेलं छोटं स्टोअर किंवा इंडियन ग्रोसरी चालवणारी मराठी कुटुंबं आहेत, आणि अशा दुकानांत काउंटरवर उभी राहणारी आपली मुलंही आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना स्नॅपचं कार्ड, म्हणजे पूर्वीचं फूड स्टॅम्प, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, सवयीचं झालेलं असतं. त्यामुळे विकचं (WIC, माता आणि लहान मुलांसाठीची सरकारी आहार योजना) कार्ड दुकानात स्वीकारायचं ठरलं की पहिला विचार येतो तो असा: मशीन आहे, ईबीटी (सरकारी मदतीच्या कार्डाने पैसे घेण्याची सोय) चालू आहे, आता फक्त आणखी एक बटण सुरू करून घ्यायचं.

तसं ते नाही. स्नॅपचं कार्ड दुकानाला एकच प्रश्न विचारतं: किती डॉलर? विकचं कार्ड प्रत्येक वस्तूचा बारकोड मागतं. मशीन बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो दुकानातल्या मालाची माहिती नीट करण्यात आणि काउंटरवरच्या माणसाला तयार करण्यात. ही दोन कामं अर्धवट ठेवून कार्ड सुरू केलं तर त्याचा त्रास बाळाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईला होतो. तिच्या मागे चार माणसं ताटकळत असतात आणि मशीन 'नाही' म्हणत असतं.

योजना थोडक्यात

विक ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची पूरक आहार योजना. गर्भवती स्त्रिया, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या माता, तान्ही बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी ती आहे. 1972 मध्ये ती प्रायोगिक म्हणून कायद्यात आली आणि 1975 मध्ये कायमची झाली. पैसा कृषी खात्याकडून येतो. कारभार मात्र राज्यं, काही बेटांची सरकारं आणि मूळनिवासी जमातींच्या संस्था पाहतात. म्हणून खाली दिलेल्या गोष्टींपैकी चौकट सगळीकडे सारखी असली तरी तपशील तुमच्या राज्याचेच धरायचे.

पूर्वी कागदी चेक असत. त्यावर वस्तूंची नावं छापलेली, कॅशियरने रक्कम लिहायची, सही घ्यायची, दुकानाचा शिक्का मारायचा आणि बँकेत भरायचा. सही विसरली, तारीख चुकली की चेक परत. 2010 च्या बालपोषण कायद्याने सगळ्या राज्यांना 1 ऑक्टोबर 2020 पर्यंत इलेक्ट्रॉनिक कार्डावर जायला सांगितलं. आता नव्याने विक घेणाऱ्या दुकानाला कार्ड स्वीकारण्याची सोय स्वतः दाखवावी लागते. ती नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

कार्डावर नेमकं काय असतं

महाराष्ट्रातल्या रेशन दुकानाचं ई-पॉस मशीन डोळ्यांसमोर आणा. तिथे कुटुंबाच्या नावावर रुपये नसतात, किलो असतात. इतका तांदूळ, इतका गहू. विकचं कार्ड त्याच जातीचं आहे, फक्त यादी बरीच लांब आणि बारीक आहे. दूध गॅलनमध्ये, सीरियल औंसात, अंडी डझनात, कडधान्य नगात आणि बाळाच्या दुधाची पावडर डब्यांत. पैशांत मोजला जाणारा एकच भाग असतो, तो फळं आणि भाज्यांचा. 2024 च्या आर्थिक वर्षात हा भाग महिन्याला मुलामागे 26 डॉलर, गर्भवती आणि बाळंतिणीला 47, अंगावर पाजणाऱ्या आईला 52 डॉलर होता. पुढच्या आकड्यांसाठी राज्याचं पत्रक पाहावं.

एका घरातल्या सगळ्यांचा वाटा सहसा एकाच कार्डावर एकत्र पडतो. आई आणि दोन मुलं असतील तर तिघांची बेरीज शिल्लक म्हणून दिसते. महिन्याची मुदत संपली की उरलेलं सगळं मध्यरात्री जातं, पुढच्या महिन्यात येत नाही. काही ठिकाणी मुदत कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे असते, काही ठिकाणी त्या कुटुंबाच्या नोंदणीच्या तारखेप्रमाणे. कॅशियरने हे अंदाजाने सांगू नये. पावतीवर शेवटची तारीख छापलेली असते, ती दाखवावी.

कोणती यंत्रणा घ्यायची

रस्ते दोन आहेत. पहिला, तुमच्या बिलिंग सिस्टिमलाच विक जोडून घेणं. याला एकात्मिक यंत्रणा म्हणतात. ग्राहक सगळा माल एकदम पट्ट्यावर ठेवतो, कॅशियर सगळं स्कॅन करतो, कार्ड आणि पिन झाला की सिस्टिम स्वतः विकच्या वस्तू वेगळ्या काढते आणि उरलेलं बिल पुढच्या पैशांवर टाकते.

दुसरा रस्ता म्हणजे गल्ल्याशेजारी ठेवायचं वेगळं छोटं मशीन. त्याला स्वतःचा स्कॅनर असतो. इथे विकचा माल आधी बाजूला काढावा लागतो आणि दोनदा स्कॅन करावा लागतो: एकदा विकच्या मशीनवर, एकदा गल्ल्यावर, नाहीतर तुमचा साठा आणि विक्रीचा हिशेब जुळत नाही. शिवाय बहुतेक मशीनवर किंमत हाताने टाकावी लागते. घाईत 3.49 ऐवजी 34.90 पडणं ही इथली नेहमीची चूक, आणि तपासणीत ती जादा आकारणी म्हणून धरली जाऊ शकते.

महिन्याला विकची मोजकीच गिऱ्हाइकं येणार असतील तर शेजारचं मशीन पुरतं. दिवसाला पाच-दहा यायला लागली की दोनदा स्कॅन करण्यात जाणारा वेळ आणि होणाऱ्या चुका यांचा खर्च एकात्मिक यंत्रणेच्या खर्चाला गाठतो. आमचं मत स्पष्ट आहे: बिलिंग सिस्टिम बदलायची वेळ तशीही आली असेल, तर विकची जोडणी असलेलीच घ्या.

यंत्रणा विकणाऱ्याला तीन प्रश्न लेखी विचारा. आमच्या राज्याच्या विकसाठी ही आवृत्ती प्रमाणित झाली आहे का? 'ईबीटी चालतं' हे उत्तर पुरेसं नाही, कारण ते स्नॅपबद्दलही असू शकतं, आणि शेजारच्या राज्यात प्रमाणित असलेली आवृत्ती तुमच्याकडे चालेलच असंही नाही. मंजूर मालाची यादी रोज आपोआप उतरते का, आणि उतरली नाही तर इशारा कुठे दिसतो? व्यवहारामागे आणि महिन्यामागे शुल्क किती? तुम्ही निवडलेल्या मधल्या प्रोसेसरचं, म्हणजे कार्डाचे व्यवहार पुढे पोचवणाऱ्या कंपनीचं, शुल्क तुमच्याच खिशातून जातं, विक ते भरत नाही.

किती लेनवर, म्हणजे बिल करायच्या किती रांगांवर, मशीन हवं याचाही केंद्राचा नियम आहे. सुपरमार्केट आणि त्याहून मोठ्या दुकानांना महिन्याच्या विक विक्रीच्या दर 11,000 डॉलरमागे एक, बाकीच्या दुकानांना दर 8,000 डॉलरमागे एक, आणि दोन्हीकडे कमाल चार. म्हणजे छोट्या दुकानात महिन्याला 8,000 पर्यंत विक विक्री असेल तर एक मशीन, 8,001 ते 16,000 असेल तर दोन. दुकानात लेनच कमी असतील तर लेनइतकीच. ज्या लेनवर सोय आहे तिथे लहानशी पाटी लावा. सामान पट्ट्यावर मांडून झाल्यावर ग्राहकाला 'इथे नाही, तिकडे जा' असं सांगावं लागता कामा नये.

खरं काम: मंजूर मालाची यादी

प्रत्येक राज्य विकच्या मंजूर मालाची एक फाइल काढतं, तिला एपीएल म्हणतात. तिच्यात एकेका बारकोडची ओळ असते: वस्तूचा वर्ग, उपवर्ग, पाकिटाचा आकार आणि ते पाकीट शिलकेतून किती वजा करेल तो आकडा. नियमाप्रमाणे दुकानाच्या यंत्रणेने किमान दर 48 तासांत एकदा राज्याच्या यंत्रणेशी जोडून ही यादी उतरवून घ्यायला हवी. व्यवहारात ती रोज पहाटे उतरावी. यादी शिळी राहिली की नव्याने मंजूर झालेला माल नाकारला जातो आणि रद्द झालेला माल जातो. दुसऱ्या प्रकारात पैसे तुमचे बुडतात.

आता एक सीरियलचा खोका जवळून पाहू. मुलाच्या वाट्याला महिन्याला 36 औंस सीरियल असतं. 18 औंसाचे दोन खोके घेतले तर बरोबर संपतं. 12 चे तीन घेतले तरी संपतं. पण 21 आणि 14 औंसाचे दोन घेतले तर 1 औंस उरतो, त्या 1 औंसात काहीच मिळत नाही आणि तो महिनाअखेरीस वाया जातो. 24 औंसाचा मोठा खोका घेतल्यावर दुसरा 18 चा घ्यायला गेलं की मशीन नाकारतं, कारण शिल्लक 12 औंसच असते. अर्धा खोका देता येत नाही आणि उरलेल्या 6 औंसांचे पैसे रोख घेऊन हा व्यवहार पूर्ण करता येत नाही. म्हणून फळीवर 12 आणि 18 औंसाचे मंजूर खोके कायम भरलेले ठेवा. कॅशियरला ही बेरीज येत असेल तर तो रांगेतच सांगू शकतो, 'ताई, हा 12 चा घ्या, पूर्ण बसेल.'

दुधातही तसंच. अर्धा गॅलन 0.50 वजा करतो, क्वार्ट 0.25. शिल्लक 0.25 असेल तर अर्धा गॅलन जाणार नाही. शिवाय दुधाचा प्रकारही ठरलेला असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पूर्ण सायीचं दूध, दोन वर्षांवरच्या मुलाला आणि आईला कमी किंवा बिनसायीचं. ग्राहकाने 2 टक्क्यांचं दूध आणलं तर शिल्लक असूनही मशीन नाकारू शकतं. कॅशियरला वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं, उपवर्ग जुळत नसतो. वर्ग म्हणजे 'दूध', उपवर्ग म्हणजे 'कोणतं दूध'. यंत्रणा आधी त्या विशिष्ट उपवर्गाची शिल्लक शोधते, नंतर त्या वर्गाची सर्वसाधारण शिल्लक, आणि दोन्हीकडे नसेल तरच नाही म्हणते.

बारकोड कुठे फसतो

'यादीत नाही' असं मशीन म्हणतं, पण राज्याच्या विक पुस्तिकेत ती वस्तू छापलेली असते. अशा वेळी आधी तुमच्या स्वतःच्या मालफाइलकडे, म्हणजे बिलिंग सिस्टिममधल्या मालाच्या नोंदींकडे, पाहा. पाकिटावरच्या नेहमीच्या, म्हणजे यूपीसी बारकोडमध्ये 12 आकडे असतात. त्यातला बारावा तपासणीचा आकडा असतो, तो आधीच्या 11 वरून काढता येतो. उदाहरणार्थ 03600029145 हे 11 आकडे घ्या. विषम जागांवरचे 0, 6, 0, 2, 1, 5 यांची बेरीज 14, तिची तिप्पट 42. सम जागांवरचे 3, 0, 0, 9, 4 यांची बेरीज 16. एकूण 58. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे 60 ला, 2 कमी पडतात. म्हणून बारावा आकडा 2, आणि पूर्ण बारकोड 036000291452.

हे गणित माहीत असण्याचं कारण असं की जुन्या बिलिंग फाइलींमध्ये शेवटचा आकडा गाळून ठेवलेला असतो, किंवा कुणीतरी यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केल्यामुळे सुरुवातीचं शून्य उडालेलं असतं. राज्याच्या यादीत 12 आकडे आणि तुमच्या फाइलमध्ये 10 किंवा 11, तर जुळणार कसं? लहान डब्यांवरचा आखूड बारकोड हा याचाच भाऊ. त्यात शून्यं दाबून कोड लहान केलेला असतो, आणि यंत्रणेने तो पूर्ण लांबीचा करूनच यादीशी ताडला पाहिजे. कार्ड सुरू करायच्या आधी आपल्या दुकानातल्या विकच्या प्रत्येक वस्तूचा एक नमुना टोपलीत घेऊन खऱ्या लेनवर स्कॅन करून पाहा. यादी डोळ्यांनी ताडून हे कळत नाही.

भाजीपाल्याचं गणित वेगळं. सुट्या फळभाज्यांना बारकोड नसतो, चार किंवा पाच आकडी पीएलयू, म्हणजे स्टिकरवरचा क्रमांक, असतो. केळ्यांचा 4011, सेंद्रिय केळ्यांचा 94011. इथपर्यंत ठीक. पण इंडियन ग्रोसरीत भेंडी, गवार, मेथी, कारली दुकानातच वजन करून प्लॅस्टिकमध्ये बांधतात आणि तराजूच्या मशीनवर लेबल छापतात. त्या लेबलचा बारकोड 2 ने सुरू होतो आणि त्यातच किंमत दडलेली असते. प्रत्येक पुडीचा कोड वेगळा, त्यामुळे तो राज्याच्या यादीत असूच शकत नाही. यावर उपाय म्हणजे जोडणी: तुमच्या मालफाइलमध्ये तो आतला कोड त्या भाजीच्या मंजूर पीएलयूला बांधायचा. ज्या भाजीला स्वतःचा पीएलयू यादीत नाही तिच्यासाठी अनेक राज्यं एक सर्वसाधारण कोड देतात. तो कोणता आणि कशाला वापरता येतो हे राज्याकडून लेखी घ्या. भलत्याच वस्तूला हा कोड बांधणं, म्हणजे भाजीच्या नावाखाली लोणचं किंवा फरसाण जाऊ देणं, हा सरळ नियमभंग आहे, मग तो आळसाने झालेला असो.

यात काय बसतं तेही पाहून घ्या. ताजी फळं-भाज्या बसतात. 2024 च्या सुधारित नियमांनी ताज्या कोथिंबीर-पुदिन्यासारख्या पाल्यालाही वाव दिला आहे, तो तुमच्या राज्याच्या यादीत आला का ते तपासा. सुके मसाले आणि कापून सजवलेले पार्टी ट्रे बसत नाहीत.

डाळींबद्दल आपल्या दुकानांत हमखास गैरसमज होतो. विकमध्ये सुकी कडधान्यं, वाटाणे, मसूर असतात, पण नेहमीचं माप 1 पौंडाच्या पाकिटाचं. आपल्याकडे फळीवर 2 आणि 4 पौंडाच्या पिशव्या. माल तोच असला तरी पाकीट बसत नाही आणि चार पौंडाची पिशवी फोडून एक पौंड देणं चालत नाही. 1 पौंडाची पाकिटं वेगळी मागवावी लागतात, आणि त्यांचा बारकोड किंवा तो प्रकार राज्याच्या यादीत आहे का ते मागवण्याआधी पाहावं लागतं. यादीत नसेल तर बहुतेक राज्यांत नवी वस्तू सुचवण्याची सोय असते: लेबलचे सगळ्या बाजूंचे फोटो, बारकोड, आकार आणि पोषणतक्ता पाठवायचा.

साठा आणि बाळाची पावडर

विकचं दुकान म्हणून राहायचं तर किमान साठा कायम लागतो. केंद्राच्या चौकटीत निदान दोन प्रकारची फळं, तीन प्रकारच्या भाज्या आणि एक अख्ख्या धान्याचं सीरियल येतं. राज्यं यात दूध, अंडी, चीज, ब्रेड आणि बाळाची पावडर यांचे आकडे घालतात. सगळ्यात अडचणीची असते ती पावडर. प्रत्येक राज्याचा एका कंपनीशी करार असतो, आणि त्याच कंपनीचा ठरलेला डबा ठरलेल्या संख्येत ठेवावा लागतो. तीही राज्याने मान्य केलेल्या घाऊक विक्रेत्यांकडून, उत्पादकांकडून किंवा दुकानांकडूनच आणायची. बाहेरून स्वस्तात मिळालेले डबे फळीवर ठेवलेत आणि खरेदीच्या पावत्या दाखवता आल्या नाहीत, तर परवानगी धोक्यात येते. म्हणून पावडरच्या खरेदीच्या पावत्यांसाठी वेगळी फाइल ठेवा.

करार बदलला की एका तारखेपासून जुना डबा बंद आणि नवा सुरू. राज्य हे काही महिने आधी कळवतं. शेवटच्या आठवड्यांत जुन्या डब्यांचा मोठा साठा भरू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये मिशिगनमधल्या स्टर्जिसचा ॲबटचा कारखाना बंद पडला तेव्हा राज्यांनी तात्पुरत्या सवलतींखाली दुसरे ब्रँड आणि आकारही चालू केले होते. ज्या दुकानांच्या यंत्रणा यादी रोज उतरवत होत्या त्यांच्याकडे ते पर्याय लगेच स्कॅन होऊ शकले.

किंमत आणि वरची मर्यादा

राज्य दुकानांचे आकार आणि भाग यांप्रमाणे गट पाडतं आणि प्रत्येक गटासाठी वस्तूची कमाल किंमत ठरवतं. तुमची फळीवरची किंमत त्यापेक्षा जास्त असेल तर व्यवहार होतो, पण पैसे कमाल मर्यादेइतकेच मिळतात. वरचा फरक ग्राहकाकडून घ्यायचा नाही. विकच्या मालावर विक्रीकर लावायचा नाही. किमान इतक्याची खरेदी करा अशी अटही घालायची नाही.

फरक घेता येतो तो फक्त फळं-भाज्यांत. शिल्लक 9 डॉलर आणि भाजी 11.40 ची झाली, तर 2.40 ग्राहक रोख, स्नॅप किंवा दुसऱ्या कार्डाने देऊ शकतो, आणि ही मुभा दुकानाने दिलीच पाहिजे. पैशांचा क्रम नेहमी एकच: आधी विक, मग स्नॅप, शेवटी रोख किंवा क्रेडिट कार्ड. क्रम उलटला तर विकमध्ये बसणाऱ्या वस्तूवर कुटुंबाचे स्नॅपचे पैसे खर्च होतात.

कूपन आणि सवलती विकच्या ग्राहकालाही मिळायला हव्यात. 'एकावर एक मोफत' असेल तर शिलकेतून एकच वजा होतं, मोफत वस्तू वजा होता कामा नये. बऱ्याच बिलिंग सिस्टिममध्ये सवलत बिलाच्या शेवटी लागते आणि तोवर विककडे पूर्ण किंमत गेलेली असते. चाचणीत हे मुद्दाम करून पाहा.

काउंटरवरच्या माणसाची तयारी

व्यवहाराचा ओघ असा: माल स्कॅन, कार्ड, पिन, मग विकमध्ये काय काय जातंय त्याची मधली पावती किंवा पडद्यावरची यादी. इथे थांबायचं. ग्राहकाने ती वाचून होकार द्यायचा असतो. काही नको असेल किंवा चुकीचं गेलं असेल तर होकाराआधीच रद्द करणं सोपं. नंतर फार अडचण होते, कारण विकच्या मालाचे रोख पैसे परत देता येत नाहीत आणि अदलाबदलही नसते. अपवाद एकच: वस्तू खराब, सदोष किंवा मुदत उलटलेली निघाली तर तीच वस्तू बदलून द्यायची.

पिन ग्राहकाने स्वतःच टाकायचा. ओळखीच्या आजीबाई पिन सांगून 'तूच टाक बाळा' म्हणाल्या तरी नाही. ठरावीक वेळा चुकीचा पिन पडला की कार्ड अडकतं. किती वेळा आणि किती काळ हे राज्यावर आहे. ग्राहकाला कार्डाच्या मागचा फोन नंबर दाखवा.

वस्तू नाकारली गेली तर कॅशियरने मोठ्याने 'हे विकमध्ये नाही' म्हणू नये. तीन गोष्टी पाहाव्यात: त्या वर्गात शिल्लक आहे का, आकार बसतो का, प्रकार बसतो का. शिल्लक दाखवणाऱ्या पहिल्या पावतीवर तिन्ही उत्तरं मिळतात. ग्राहकाच्या फोनवर विकशॉपरसारखं ॲप असेल तर तिथे बारकोड स्कॅन करूनही कळतं. वस्तूचा बारकोड बदलून किंवा दुसऱ्या खोक्याचा कोड मारून 'मदत' करायची नाही. हेतू चांगला असला तरी याला न घेतलेल्या मालाचे पैसे घेणं म्हणतात. तसा नमुना सापडला तर शिक्षा तीन वर्षं अपात्रतेची आहे. दारू किंवा तंबाखू विकवर एकदाच दिली तरी तीन वर्षं, आणि कार्डावरचा लाभ रोख पैशांत विकत घेतला तर एकदाच केलं तरी सहा वर्षं. विकमधून बाहेर काढलेलं दुकान स्नॅपमधूनही जाऊ शकतं. आपल्या बऱ्याच दुकानांचा गल्ला स्नॅपवर उभा असतो, म्हणून हे प्रत्येक नव्या कॅशियरला पहिल्याच दिवशी सांगा.

बहुतेक राज्यांत इंटरनेट गेलं तर विकचा व्यवहार थांबतो. स्नॅपसारखी कागदी व्हाउचरची सोय इथे धरू नका. मोबाइल डेटावर चालणारा पर्यायी राउटर ठेवला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पिन टाकल्यावर मध्येच लाइन तुटली तर लगेच पुन्हा स्वाईप करू नका. आधी शिल्लक तपासा. पहिला व्यवहार गेला असेल तर कुटुंबाचं दूध दोनदा वजा होईल.

सुरू करण्याआधीची चाचणी आणि पहिले महिने

राज्याकडून किंवा प्रोसेसरकडून चाचणीची कार्डं मिळतात. प्रत्येक लेनवर या गोष्टी मुद्दाम घडवून पाहा: मंजूर वस्तू, नामंजूर वस्तू, शिलकेपेक्षा मोठं पाकीट, वजन करून बांधलेली भाजी, भाजीचा वरचा फरक रोख, कूपन, एकावर एक मोफत, चुकीचा पिन, मधल्या पावतीवर नकार, आणि मध्येच काढलेली नेटवर्कची वायर. प्रत्येकाची पावती जपून ठेवा. राज्याचा माणूस तपासणीला येतो तेव्हा यांतलंच काही करून पाहतो.

फळीवरच्या 'विक' चिठ्ठ्या बारकोड पाहून लावा, ब्रँड पाहून नाही. एकाच ब्रँडचा 12 औंसाचा खोका मंजूर आणि साखर घातलेला शेजारचा नामंजूर असतो, आणि चिठ्ठी सरकून दुसऱ्याखाली गेली की त्या आठवड्यात काउंटरवर वाद ठरलेला. माल भरणाऱ्या मुलालाच दर सोमवारी हे तपासायचं काम द्या.

पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. त्यासोबत हिशेबाची फाइल येते. तिच्यात तुम्ही मागितलेली आणि मिळालेली रक्कम ओळीवार असते. ती कुणी उघडतच नाही, आणि वर्षभर एखाद्या वस्तूवर 40 सेंट कमी मिळत राहतात. पहिले दोन महिने ती रोज उघडा. एकाच वस्तूवर वारंवार कपात दिसली तर तुमची किंमत कमाल मर्यादेवर गेली आहे. मग किंमत उतरवा, स्वस्त पुरवठादार शोधा किंवा राज्याला बाजारभावाचे पुरावे पाठवून मर्यादा तपासायला सांगा. एखादी ओळ पूर्णच नाकारली गेली असेल तर तुमची यादी त्या दिवशी उतरली नव्हती का ते आधी पाहा.

राज्याशी होणारा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि प्रशिक्षण दरवर्षी घ्यावं लागतं. कराराची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख आजच फोनमध्ये टाका. नव्या अर्जात किमतींचा तक्ता, साठ्याची पाहणी आणि यंत्रणेचं चालू प्रमाणपत्र पुन्हा मागतात, आणि यंत्रणा विकणाऱ्याकडून ते प्रमाणपत्र मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात.